विहिरीतला कातळ आणि दर्याची लाट

(आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. तरीही समुद्रकिनारा कसा झिजतो, हे समजून घेण्यासाठी लागणारा खडक आपल्या पायाखालीच आहे. एकाच समुद्राच्या लाटा एका गावाची जमीन गिळतात आणि शेजारच्या गावाचा कडा शतकानुशतके जसाच्या तसा राहतो. असे का होते, याचे उत्तर या पाठात शोधले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? कोणी मुंबईला नातेवाइकांकडे गेले असेल. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर उभे राहून त्याने लाटा पाहिल्या असतील. भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते, ओहोटी लागली की पुन्हा उघडी पडते. दर्गा मात्र समुद्रातल्या खडकावर उभाच असतो.

बाकीच्यांनी समुद्र पाहिला नसला तरी वाईट वाटून घेऊ नका. वाशीमहून समुद्र सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. आज आपण समुद्राची गोष्ट आपल्या विहिरीपासून सुरू करणार आहोत.

तुमच्या गावात जुनी, मोठी विहीर असेलच. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. कठड्याच्या बाहेरूनच विहिरीच्या आतल्या भिंतीकडे पाहा. सर्वांत वर काळी माती दिसेल. तिच्याखाली तपकिरी, भुसभुशीत मुरूम दिसेल. त्याच्याखाली काळा कठीण कातळ लागेल. काही विहिरींत कातळाच्या दोन थरांमध्ये लालसर, गेरूसारखा मऊ पट्टा दिसतो. कातळालाही उभ्याआडव्या भेगा असतात. पावसाळ्यानंतर नीट पाहिले, तर या भेगांतून पाणी पाझरताना दिसते. विहीर खोदणारी माणसे याच पाझरांना झरे म्हणतात. ज्या विहिरीला भेगा चांगल्या, तिला पाणी चांगले.

ही विहीर लक्षात ठेवा. कोकणात समुद्राने कापलेला कडा साधारण असाच दिसतो. आपली विहीर माणसाने खोदली, तो कडा लाटांनी खोदला, एवढाच फरक.

हा कातळ आला कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर पसरला, थंड झाला. मध्ये बराच काळ गेला. त्या काळात थराचा वरचा भाग ऊनपावसाने कुजून लाल माती झाली. मग तिच्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर साचत गेले. पश्चिमेला सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरांपर्यंत आहे. आपल्याकडे, पूर्वेला, ती कमी होत जाते. या लाव्हाच्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे आपल्या जिल्ह्याचे सहाही तालुके याच खडकावर वसले आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे प्रसिद्ध विवरही याच खडकात आहे. आणि हाच खडक पश्चिमेकडे जात जात थेट अरबी समुद्राला भिडतो. म्हणजे आपल्या विहिरीतला कातळ आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचा कातळ ही एकाच कुटुंबातली भावंडे आहेत.

आता लाट खडक कसा फोडते, ते पाहू. पाणी मऊ आणि खडक कठीण. मग मऊ वस्तू कठीण वस्तूला कशी हरवते? लाटेजवळ चार उपाय आहेत.

पहिला उपाय दाबाचा. लाट कड्यावर आदळते, तेव्हा भेगेतली हवा आत कोंडली जाते आणि दाबली जाते. लाट मागे फिरली की ती हवा एकदम सुटते. दाबणे आणि सुटणे, असे दिवसातून हजारो वेळा चालते. भेग हळूहळू रुंद होते आणि शेवटी खडकाचा तुकडा निखळतो.

दुसरा उपाय घासण्याचा. लाट रिकाम्या हाताने येत नाही. तिच्याबरोबर वाळू आणि गोटे असतात. ते कड्याच्या पायथ्याला कानशीसारखे घासतात. घासता घासता गोटे स्वतःही झिजून गुळगुळीत होतात.

तिसरा उपाय विरघळवण्याचा. चुनखडीसारखे काही खडक पाण्यात हळूहळू विरघळतात. बेसॉल्टवर हा उपाय फारसा चालत नाही.

चौथा उपाय मिठाचा. खारे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरते. ओहोटीच्या वेळी ऊन लागून पाणी सुकते, पण मीठ आतच राहते. मिठाचे खडे वाढतात आणि खडकाचे कण सुटे करतात.

लाटेचे हे उपाय सगळीकडे सारखेच आहेत. मग परिणाम वेगवेगळा का? कारण समोरचा खडक वेगवेगळा आहे. त्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, खडकाची जात, म्हणजे तो कशाचा बनला आहे. दुसरी, खडकाची रचना, म्हणजे त्यात भेगा किती आहेत, थर कसे आहेत आणि ते कोणीकडे कलले आहेत.

आधी जात पाहू. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा भाग आहे. तेथील कडे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मऊ चिकणमातीचे आहेत. तेथे समुद्र सरासरीने दर वर्षी सुमारे दोन मीटर आत सरकतो. गेल्या काही शतकांत तेथील अनेक गावे समुद्रात नाहीशी झाली आहेत. याउलट ग्रॅनाइट किंवा घट्ट बेसॉल्ट यांसारखा कठीण खडक वर्षाला काही मिलीमीटर, कधी त्याहूनही कमी झिजतो. एका माणसाच्या आयुष्यात असा कडा बदललेला दिसतही नाही.

आपल्या कोकणात मुख्यतः तीन प्रकारचा किनारा आढळतो. पहिला काळ्या कातळाचा. दुसरा जांभ्याचा. तिसरा वाळूचा, ज्याला पुळण म्हणतात. अगदी दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या आसपास, बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने खडकही आहेत.

जांभा हा लाल, छिद्रे असलेला दगड. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे मूळचा कातळ कुजून तो तयार झाला. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो की त्याचे चिरे कापता येतात. उघड्या हवेत राहिला की तो टणक होतो. कोकणातली घरे याच चिऱ्यांची असतात. रत्नागिरीजवळ जांभ्याची सपाट पठारे समुद्रापर्यंत गेली आहेत. त्यांना सडे म्हणतात. वरून पाहिले तर सडा लोखंडासारखा मजबूत वाटतो. पण जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी मऊ चिकणमाती असते. पाणी आधी ती माती काढून नेते. मग वरच्या जांभ्याला आधार उरत नाही आणि त्याचे मोठे मोठे तुकडे खाली कोसळतात. म्हणून नुसता वरचा थर पाहून किनाऱ्याची परीक्षा करू नये. पाया कशाचा आहे, ते आधी पाहावे.

आता रचना पाहू. उन्हाळ्यात तुमच्या वावरातल्या काळ्या मातीला भेगा पडतात. माती सुकते, आकसते आणि फाटते. लाव्हाचेही तसेच झाले. तो थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. काही ठिकाणी त्या इतक्या नेमक्या पडल्या की खडकाचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार झाले. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. तेथे असे खांब दिसतात. उत्तर आयर्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर जायंट्स कॉजवे येथे बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब आहेत. तेथील लाटांना खांब फोडावा लागत नाही. दोन खांबांमधल्या भेगेत शिरून त्या एकेक तुकडा वेगळा करतात. खडक कितीही कठीण असो, भेगा असतील तर समुद्राला वाट मिळते.

याचे एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात हेदवी नावाचे गाव आहे. तेथील काळ्या कातळात समुद्राने एक अरुंद, खोल घळ कोरली आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या घळीत जोराने घुसते. तिला आजूबाजूला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून पाणी मोठा आवाज करीत उंच उडते. घळीच्या दोन्ही बाजूंचा कातळ मात्र शाबूत आहे. समुद्राने सगळा खडक खाल्ला नाही. त्याने फक्त कमकुवत रेघ शोधली आणि वर्षानुवर्षे तीच कोरली.

थरांचेही असेच आहे. कातळाच्या दोन थरांमधला लाल मऊ पट्टा तुम्ही विहिरीत पाहिला. तो नेमका लाटांच्या उंचीवर आला, तर लाटा तेथे खाच पाडतात. खाच खोल होत गेली की गुहा होते. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याखाली समुद्राने कोरलेली गुहा आहे. गुहेचे छत कोसळले की कडा मागे सरकतो. त्याच्या पायथ्याशी सपाट खडकाचा ओटा उरतो. भूगोलात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला असा मंच पाहायला मिळतो. डोंगराला प्रदक्षिणा घालण्याची वाट त्याच्यावरूनच जाते. तेथील काही खडकांवर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. ती खाऱ्या पाण्याची करामत आहे. ही वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरतीच्या वेळी तिच्यावर जाणे जिवावर बेतते.

थर कोणीकडे कलले आहेत, यालाही महत्त्व आहे. टेबलावर वह्यांची चळत ठेवा. टेबल तुमच्याकडे थोडे तिरपे करा. वह्या घसरून तुमच्या अंगावर येतील. थर समुद्राकडे कललेले असले की सुटलेले दगड असेच समुद्रात घसरतात. थर जमिनीकडे कललेले असले की ते मागे टेकून राहतात आणि कडा जास्त काळ टिकतो. आपल्या भागात थर जवळजवळ आडवे आहेत. मुंबई आणि पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने कललेले आहेत.

आणखी एक रचना कोकणात दिसते. लाव्हाचे थर थंड झाल्यावर त्यांच्या भेगांत पुन्हा तप्त रस शिरला आणि गोठला. त्याच्या जमिनीत उभ्या भिंती तयार झाल्या. ही भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण असेल, तर बाकीचा खडक झिजतो आणि भिंत पाण्यात पुढे आलेली दिसते. तीच जर भेगाळलेली असेल, तर समुद्र तिलाच आधी खातो आणि तेथे चर पडतो.

आता नकाशावर महाराष्ट्राचा किनारा पाहा. तो पट्टीने ओढलेल्या रेषेसारखा सरळ नाही. एक टोक पुढे येते, मग एक वळण आत जाते. पुढे आलेले टोक म्हणजे भूशिर. तेथे सहसा घट्ट खडक असतो. आत गेलेल्या वळणात पुळण असते. किनारा जितका वाकडातिकडा, तितकी त्याची मोजणी अवघड. भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी सुमारे ७,५१६ किलोमीटर मानली जात असे. अधिक बारकाईने केलेल्या नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटरांहून अधिक भरली. जमीन वाढली नाही. मोजणाऱ्यांनी लहान लहान वळणेही मोजली, एवढेच.

आपल्या पूर्वजांना खडकाची पारख होती. मुरूडजवळचा जंजिरा किल्ला तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचे नाव तुम्हांला ओळखीचे वाटेल. उर्दूत बेटाला जज़ीरा म्हणतात. त्याच शब्दावरून जंजिरा हे नाव आले. सिद्दींचा हा किल्ला समुद्रातल्या कातळाच्या बेटावर उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग बांधायला सुरुवात केली, तीही कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर. दोन्ही किल्ल्यांनी तीनशेहून अधिक पावसाळे आणि असंख्य वादळे सोसली. त्यांचे तट मजबूत आहेत हे खरे. पण तटाखालचा खडक मजबूत नसता, तर तट कधीच खचले असते.

आणखी एक गंमत पाहा. कोकणातले कोळी समुद्राला दर्या म्हणतात. तुम्ही उर्दूत नदीला दरिया म्हणता. शब्द एकच आहे. नदीकाठी तो नदीचा झाला आणि समुद्रकाठी समुद्राचा. किनारा आणि बंदर हे शब्दही फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले.

मुलांनो, ही केवळ परीक्षेपुरती माहिती नाही. किनाऱ्यावर माणसे राहतात. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांचा अभ्यास केला. महाराष्ट्राचा सुमारे चौथा हिस्सा किनारा झिजत आहे आणि जवळजवळ दोन तृतीयांश किनारा स्थिर आहे, असे त्यात दिसले. पश्चिम बंगालमध्ये मात्र ६० टक्क्यांहून अधिक किनारा झिजत आहे. आपला बराचसा किनारा खडकाळ आहे. बंगालचा किनारा नद्यांनी आणलेल्या गाळाचा आहे. आकड्यांतला हा फरक बऱ्याच अंशी जमिनीतला फरक आहे.

परंतु जो चौथा हिस्सा झिजतो, तेथल्या माणसांचे काय? पुळणीवर कोळ्यांची घरे असतात. होड्या ओढायला, मासे वाळवायला त्यांना पुळण हवीच असते. कड्यावर राहून त्यांचे चालत नाही. म्हणजे ज्यांना समुद्राच्या सर्वांत जवळ राहावे लागते, त्यांच्याच पायाखाली सर्वांत मऊ जमीन असते. जूनमध्ये समुद्र खवळतो. उधाणाची भरती येते. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरांहून वर चढते. त्यातच वादळ झाले, तर पुळणीवरची वाळू एका रात्रीत वाहून जाऊ शकते. आधी सुरूची आणि नारळाची झाडे कलतात. मग अंगणाची कड तुटते. मग घराची पाळी येते. त्यातच १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे.

यावर उपाय म्हणून सरकार अनेक ठिकाणी मोठमोठे दगड रचून धूपप्रतिबंधक बंधारे बांधते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाकलेले तुम्ही चित्रात पाहिले असतील. लाट त्यांच्या फटींत शिरते आणि तिचे बळ मोडते. म्हणजे जेथे खडक नाही, तेथे माणूस खडक आणून ठेवतो. पण यातही विचार हवा. बंधारा घातला की त्याच्यामागची जमीन वाचते. मात्र किनाऱ्याने वाहत येणारी वाळू अडली, तर बंधाऱ्याच्या टोकापलीकडची पुळण उपाशी राहते आणि तेथे झीज वाढते. एका वाडीचे रक्षण करताना दुसऱ्या वाडीचे नुकसान होऊ नये. खाड्यांतून बेसुमार वाळू उपसली, तरी पुळणीला मिळणारी वाळू कमी होते. म्हणूनच केंद्र सरकारने १९९१ साली किनाऱ्यालगतच्या बांधकामासाठी नियम केले. पुढे २०११ आणि २०१९ साली ते बदलण्यात आले. नियमांचा मूळ विचार साधा आहे. समुद्राला थोडी जागा सोडावी, म्हणजे तो आपली जागा मागायला घरात येणार नाही.

तुम्ही विचाराल, "आमच्या वाशीमला समुद्र नाही. मग आम्ही हे का शिकावे?"

त्याचे उत्तर पैनगंगेच्या काठावर मिळेल. पावसाळ्यानंतर नदीकाठी किंवा गावच्या नाल्याकाठी मोठ्यांबरोबर जा. जेथे काठ काळ्या मातीचा आहे, तेथे दरड तुटलेली दिसेल. जेथे कातळ उघडा आहे, तेथे काठ जागेवर असेल. आपल्या डोंगरांकडे पाहा. कठीण थर पायरीसारखा पुढे आलेला आणि मऊ थर झिजून उताराचा झालेला दिसेल. पाणी समुद्राचे असो, नदीचे असो की पावसाचे असो, ते मऊ जागा आधी शोधते. घर बांधताना, बंधारा घालताना, विहीर खोदताना, रस्ता करताना खालचा खडक कसा आहे, हे ज्याने पाहिले त्याचे काम टिकते. तुमच्यापैकी कोणी उद्या गवंडी होईल, कोणी अभियंता होईल, कोणी ग्रामपंचायतीत निवडून जाईल. नाल्याच्या अगदी काठावर कोणाला घरासाठी जागा दाखवली जात असेल, तेव्हा "आधी काठ कशाचा आहे ते पाहा," असे सांगणारा एक तरी माणूस तेथे असला पाहिजे. तो माणूस तुम्ही व्हा.

जाता जाता पुन्हा एकदा विहिरीकडे पाहा. कातळातली जी भेग आपल्याला पाणी देते, तशीच भेग कोकणात लाटेला वाट देते. भेग चांगली नाही आणि वाईटही नाही. ती कोठे आहे, हे माणसाने ओळखले पाहिजे.

शब्दार्थ

कातळ – अखंड, कठीण खडक, चट्टान
झीज – घासून कमी होणे
मुरूम – खडक कुजून झालेली भरड, भुसभुशीत माती
पुळण – वाळूचा किनारा
भूशिर – समुद्रात पुढे गेलेले जमिनीचे टोक
घळ – खोल, अरुंद जागा
सडा – जांभ्या खडकाचे सपाट पठार
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती
तरंगघर्षित मंच – लाटांच्या घासण्याने तयार झालेला सपाट खडकाचा ओटा
शाबूत – न मोडलेला, साबूत
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
पारख असणे – चांगले-वाईट ओळखता येणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वाशीम जिल्ह्यातील कातळाला कोणता खडक म्हणतात?
(२) बामणघळ कोठे आहे?
(३) जंजिरा हे नाव कोणत्या शब्दावरून आले?
(४) सिंधुदुर्ग कोणत्या बेटावर बांधला आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(१) जांभ्याचा सडा मजबूत दिसला तरी त्याचा कडा कोसळतो.
(२) पश्चिम बंगालचा किनारा महाराष्ट्राच्या किनाऱ्यापेक्षा जास्त झिजतो.
(३) बंधारा बांधताना शेजारच्या वाडीचा विचार करावा लागतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) लाटा खडक कोणत्या चार प्रकारे फोडतात?
(२) खडकाची जात आणि खडकाची रचना यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
(३) कोळ्यांना पुळणीवरच का राहावे लागते? त्यामुळे त्यांना कोणता धोका असतो?

प्र. ४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, पारख असणे, वाट मिळणे, पाळी येणे.

प्र. ५. खालील शब्दांचे अनेकवचन लिहा.
लाट, भेग, विहीर, कडा, बेट, किल्ला.

प्र. ६. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा. दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ सारखाच आहे का, ते सांगा.

उपक्रम : तीन पेल्यांत पाणी घ्या. एकात काळ्या मातीचे ढेकूळ, दुसऱ्यात मुरमाचा तुकडा आणि तिसऱ्यात गिट्टीचा खडा टाका. दुसऱ्या दिवशी तिन्ही पेल्यांत काय दिसले, ते वहीत लिहा. समुद्राकाठी घर बांधायचे झाले, तर या तिघांपैकी कोणाच्या पायावर बांधाल, ते वर्गात कारणासह सांगा.